ह्यूमनलाइट आणि डिसेंबरची सुट्टी: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीच्या मध्य भागातला आमचा मानवतावादी गट दर डिसेंबरात एकत्र जमतो. गटात नाना तऱ्हेची माणसं आहेत, त्यात मराठी घरंही बऱ्यापैकी. मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या शाळेबाहेर गाडीत वाट बघताना, रविवारी भारतातून येणाऱ्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात. काही कुतूहलाचे, काही खोचक. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

ह्यूमनलाइट हा काय प्रकार आहे?

देवाचा किंवा चमत्काराचा आधार न घेता साजरा करायचा हिवाळ्यातला सण. वय अगदी कोवळं आहे. २००१ साली ‘न्यू जर्सी ह्यूमॅनिस्ट नेटवर्क’ या इथल्याच संस्थेने तो सुरू केला. २००४ मध्ये अमेरिकन ह्यूमॅनिस्ट असोसिएशनने त्याची दखल घेतली. आता अमेरिकेत ठिकठिकाणी आणि बाहेरही काही गट तो करतात. पोथी नाही, मुहूर्त नाही, ठरलेला विधी नाही. विवेक, करुणा आणि आशा या तीन गोष्टी मध्यभागी ठेवायच्या, बाकी ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने करायचं.

‘हा तर बनवलेला सण’ असं कुणी म्हटलं की आम्ही हो म्हणतो. सार्वजनिक गणेशोत्सवही १८९० च्या दशकात माणसांनी ठरवूनच सुरू केला. क्वान्झा हा आफ्रिकन-अमेरिकन समाजाचा सण १९६६ चा आहे. प्रत्येक सण कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा केलेला असतोच. आमच्या सणाची तारीख लोकांना अजून आठवते, इतकाच फरक.

२३ डिसेंबरच का?

नाताळ २५ ला, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस म्हणजे अयनदिन २१ किंवा २२ ला. दोघांच्या अंगावर न जाता मधली रिकामी जागा पकडली. प्रत्यक्षात आम्ही जवळचा शनिवार किंवा रविवार बघतो, कारण मधल्या वारी हॉल मिळाला तरी माणसं मिळत नाहीत. गंमत म्हणजे एका गाजलेल्या विनोदी टीव्ही मालिकेतून आलेला ‘फेस्टिव्हस’ हा थट्टेचा सणही २३ डिसेंबरचाच. त्यात वर्षभराच्या तक्रारी एकमेकांच्या तोंडावर बोलून दाखवायच्या असतात. ती प्रथा आमच्याकडे नाही. कार्यकारिणीच्या बैठकीत ते काम बारा महिने चालूच असतं.

म्हणजे तुमचा ख्रिसमसला विरोध आहे का?

नाही. आमच्या निम्म्या घरांत झाड असतं, दिव्यांच्या माळा तर सगळ्यांकडेच. प्यू संशोधन केंद्राच्या जुन्या पाहण्यांत अमेरिकेतल्या ख्रिस्ती नसलेल्या लोकांपैकी दहातले आठ जण ख्रिसमस साजरा करतात असं दिसलं होतं, हिंदूंमध्ये हे प्रमाण ७३ टक्के होतं. तेव्हा या पंगतीत आपण आधीपासूनच बसलेलो आहोत.

अमेरिकेत ख्रिसमसवर खरी बंदी आली ती कडव्या ख्रिस्ती लोकांकडून, हे फार थोड्यांना माहीत असतं. मॅसेच्युसेट्सच्या प्युरिटन वसाहतीत १६५९ साली कायदा झाला: २५ डिसेंबरला काम सोडून सण करताना कुणी सापडला तर पाच शिलिंग दंड. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच नाही, सणाच्या नावावर दारू आणि दंगा मात्र होतो, असं त्यांचं म्हणणं. तो कायदा १६८१ मध्ये उठला, आणि ख्रिसमसला संघराज्याची सुट्टी मिळायला १८७० उजाडलं. मॉलमध्ये दिसणारा ‘सनातन’ ख्रिसमस इतका अलीकडचा आहे.

झाडाची एक वेगळी तऱ्हा आम्हाला आवडते. पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरमध्ये तिथल्या मुक्तचिंतकांच्या संस्थेने २००७ साली न्यायालयाच्या हिरवळीवर पुस्तकांच्या मुखपृष्ठांनी सजवलेलं ‘ज्ञानवृक्ष’ उभं केलं. आम्ही त्याची छोटी आवृत्ती करतो. मुलं वर्षभरात आवडलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ पुठ्ठ्यावर काढून आणतात आणि फांदीला टांगतात. एकाच पुस्तकाची सात-आठ मुखपृष्ठं लटकलेली असतात आणि प्रत्येकावरचा ड्रॅगन वेगळा असतो.

बोगद्याजवळ होर्डिंग लावणारे ते तुम्हीच का?

नव्हे. न्यू यॉर्कला जाणाऱ्या लिंकन बोगद्याच्या वाटेवर २०१० साली जे होर्डिंग लागलं ते ‘अमेरिकन एथिस्ट्स’ या नास्तिकांच्या संघटनेचं होतं. त्यांचं मुख्यालय आपल्याच राज्यात क्रॅनफर्डला आहे, म्हणून गल्लत होते. येशूजन्माची कथा ही दंतकथा आहे, या मोसमात विवेक साजरा करा, असा त्यावरचा मजकूर होता. दुसऱ्या बाजूनेही लगेच उलट होर्डिंग लागलं.

आमच्या गटात यावर दोन मतं आहेत. हा मजकूर लिहिणाऱ्याचं मत असं की वाहतूक तुंबलेल्या रस्त्यावर कुणाची श्रद्धा हलत नाही, फक्त हॉर्न जास्त वाजतात. ज्यांना लोकांना जाहीरपणे धक्का देणं गरजेचं वाटतं त्यांनाही त्यांची कारणं आहेत. अमेरिकेतल्या कित्येक गावांत नास्तिक आहे असं म्हणणं आजही सोपं नाही, आणि आपल्यासारखं आणखी कुणीतरी आहे हे अशा एकट्या माणसाला त्या होर्डिंगमुळेच कळतं. डिसेंबरच्या जेवणात मात्र आम्ही तो वाद टेबलावर घेत नाही.

अयनदिनाचं काय? आपली संक्रांत तीच ना?

होती. आता नाही. आमच्या कार्यक्रमातला सगळ्यांत रंगणारा भाग इथूनच सुरू होतो.

पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. उत्तर गोलार्ध सूर्यापासून जास्तीत जास्त दूर कललेला असतो तो दिवस २१ किंवा २२ डिसेंबर. न्यू जर्सीत त्या दिवशी उजेड जेमतेम सव्वानऊ तास मिळतो, मुंबईत जवळजवळ अकरा. म्हणून पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या माणसाला पहिला हिवाळा अंगावर येतो तो थंडीपेक्षा अंधारामुळे. दुपारी साडेचारला दिवे लावायची वेळ होते आणि फोनवर आईला ते खरं वाटत नाही.

आता संक्रांत. सूर्याचं उत्तरायण खऱ्या अर्थाने अयनदिनालाच सुरू होतं. पण आपलं पंचांग सूर्याची रास ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजतं. पृथ्वीचा आस हळूहळू दिशा बदलत असल्यामुळे ही दोन मोजमापं साधारण ७२ वर्षांत एका दिवसाने एकमेकांपासून दूर सरकतात. सुमारे १७०० वर्षांपूर्वी मकरप्रवेश आणि अयनदिन एकाच सुमाराला पडत. आज त्यांच्यात चोवीसेक दिवसांचं अंतर पडलंय, म्हणून संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. पंचांगकर्ते चुकले असं यात काही नाही. त्यांनी ताऱ्यांना धरलं, ऋतूंनी सूर्याला.

हे आम्ही मुलांना करून दाखवतो. हॉलमधले दिवे मालवायचे, मध्ये सावलीची टोपी काढलेला टेबललॅम्प ठेवायचा आणि विणायच्या सुईवर टोचलेलं संत्रं घेऊन एका मुलाने त्याच्याभोवती फिरायचं. सुई सतत एकाच भिंतीकडे कललेली राहिली पाहिजे. हे दिसतं तितकं सोपं नाही. चालता चालता हात आपोआप वळतो आणि मग बाकीची पोरं ‘सुई, सुई!’ म्हणून ओरडतात. संत्र्यावर न्यू जर्सीच्या जागी एक लवंग आणि मुंबईच्या जागी दुसरी खोचलेली असते. कोणती लवंग जास्त वेळ अंधारात राहते ते बघितलं की आजी-आजोबांनाही पटतं.

जाता जाता एक: सगळ्यांत लहान दिवशीच सूर्य सगळ्यांत लवकर मावळतो असं बहुतेकांना वाटतं. इथे सगळ्यांत लवकर सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी होतो आणि सगळ्यांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत संध्याकाळ थोडी लांबायला लागलेली असते.

कार्यक्रमात नेमकं होतं काय?

दुपारी तीनला दार उघडतं. हॉल युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट या उदार धर्मपंथाच्या मंडळींच्या वास्तूतला, भाड्याने घेतलेला. त्यावरून आम्हाला चिडवणारे बरेच आहेत. पण १९६१ साली दोन पंथ एकत्र येऊन झालेल्या या मंडळींत निरीश्वरवाद्यांनाही जागा आहे, भाडं वाजवी आहे आणि स्वयंपाकघर मोठं आहे. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं.

पहिला तासभर खुर्च्या लावणं, गप्पा, मुलांचा दंगा. मग तीन मेणबत्त्या. त्या लोखंडी ट्रेमध्ये वाळू घालून उभ्या करतो आणि शेजारी पाण्याची बादली असते. हॉलवाल्यांची अट आहे आणि ती रास्त आहे. विवेकाची मेणबत्ती लावणाऱ्याने या वर्षात पुराव्यापुढे आपलं कोणतं मत बदललं ते सांगायचं. हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकंच बोलायला जड जातं. नागिणीची लस नको म्हणून अडून बसलेल्या एका काकांनी ती का घेतली ते उभं राहून सांगितलं, तेव्हा काकूंनी मागच्या रांगेतून टाळ्या सुरू केल्या. करुणेची मेणबत्ती लावणारा कुणाचे तरी आभार मानतो, शक्यतो त्या खोलीत नसलेल्या माणसाचे: बर्फ काढून देणारा शेजारी, रात्रपाळीची नर्स, गावाकडे वडिलांजवळ झोपायला जाणारा चुलतभाऊ. आशेची मेणबत्ती लहान मुलांच्या हाती. त्यांच्या आशा ठोस असतात. कुणाला मांजर हवं असतं, कुणाला धाकटा भाऊ परत द्यायचा असतो.

मग गाणी. ज्याला येईल त्याने म्हणायची, भाषा कोणतीही. मग संत्रं आणि दिवा. मग जेवण.

भाषण नसतं. पूर्वी पाहुणे वक्ते असत. ते चांगलं बोलत आणि वरणभात निवत असे.

प्रार्थना किंवा आरती होते का?

होत नाही. जेवणापूर्वी क्षणभर शांत बसतो. त्या वेळात कुणाला मनातल्या मनात काही म्हणायचं असेल तर ते त्याचं त्याच्याकडे.

जेवणात काय असतं? काय आणायचं?

प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा, दहा जणांना पुरेल इतका. आडनावांच्या आद्याक्षरांवरून गोड, तिखट अशी वाटणी करून पाहिली होती. मराठी आडनावं एकाच टोकाला दाटल्यामुळे एका वर्षी पुलावच पुलाव झाला. आता कागद फिरवतो आणि ज्याला जे आणायचं ते तो लिहितो.

मांसाहारी आणि शाकाहारी पदार्थांची टेबलं वेगळी, पळ्या वेगळ्या. मानवतावादाचा आहाराशी थेट संबंध नाही. आमच्यात शुद्ध शाकाहारी नास्तिक आहेत आणि बीफ खाणारे आस्तिकही आहेत. पण पळीचा घोळ झाला की माणसं तत्त्वं विसरतात.

आता तिळगुळाबद्दल, कारण मराठी घरं हमखास तोच आणतात. थंडीत तीळ-गूळ-बाजरी हे आपल्या धुंधुरमासाचं खाणं, आणि ते डिसेंबरातच बसतं. आणा, जरूर आणा. फक्त अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख अॅलर्जी-घटक म्हणून कायद्याने गणला जातो, हे लक्षात ठेवा. विकायच्या पाकिटावर तो लिहावा लागतो. घरच्या डब्याला कायदा लागू नसला तरी आमचा नियम लागू आहे: डब्यावर चिठ्ठी हवी आणि तीळ, शेंगदाणे, काजू असलेलं सगळं खिडकीजवळच्या वेगळ्या टेबलावर. चिठ्ठीवर ‘लाडू’ एवढंच लिहू नका. लाडू कशाचा, हे इथल्या आईला कळलं पाहिजे. शेंगदाण्याचं कूट साबुदाण्याच्या खिचडीतही असतं आणि कोशिंबिरीतही, हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायचं सुचतच नाही.

पाकातल्या कडक वड्यांपेक्षा मऊ लाडू आणलेत तर दातवाले आणि बिनदातवाले दोघे दुवा देतील. बाजरीच्या भाकऱ्या हॉलच्या विजेच्या शेगडीवर भाजायचा प्रयत्न कृपया करू नका. धुराच्या घंटेला भाकरी आणि आग यांतला फरक कळत नाही.

दारू असते का?

हॉलमध्ये परवानगी नाही, म्हणून नसते. ३१ डिसेंबरला काही घरं एकमेकांकडे जमतात, तिथे ज्याचं त्याने ठरवावं. त्यातल्या एका घरी मसाला दूध असतं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षअखेरीला रस्त्यावर दूध वाटून व्यसनाविरुद्ध बोलतात, त्याची ही आठवण. दूध केशरी असतं आणि पहिल्या पंधरा मिनिटांत संपतं.

मुलांना सांताबद्दल काय सांगता?

यावर गटात दरवर्षी वाद होतो. एक बाजू म्हणते, मुलांशी खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. दुसरी म्हणते, अहो खेळ आहे तो. ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’ ऐकत मोठ्या झालेल्या पिढीने सांतावर तात्त्विक आक्षेप घ्यावा याची थोडी मौज वाटते. बागुलबुवा निदान भेटवस्तू तरी आणायचा का?

सक्ती कुणावरच नाही. ज्यावर बहुतेकांचं एकमत झालंय ते एवढंच: मूल स्वतःहून ‘खरंच असतो का?’ विचारायला लागलं की थाप पुढे रेटायची नाही. उलट विचारायचं, ‘तुला काय वाटतं? कसं शोधून काढशील?’ आमच्यातल्या एका मुलीने भेटीवरच्या चिठ्ठीतलं अक्षर आणि आईच्या वाणसामानाच्या यादीतलं अक्षर शेजारी ठेवून ‘ग’ची गाठ जुळवली. सांताला मराठी येतं ही शक्यता तिने विचारात घेतली आणि मग नाकारली. असा शोध लावल्याचा आनंद भेटवस्तूपेक्षा मोठा असतो.

मात्र एक नियम कडक आहे. आपल्या मुलाने शाळेत जाऊन दुसऱ्यांच्या मुलांना ‘सांता नसतो’ असं सांगत सुटायचं नाही. ज्याचा शोध त्याने लावावा. यावरून शाळेतून फोन आलेली घरं आमच्यात आहेत.

आई-बाबा भारतातून आलेत. ते रोज पूजा करतात. त्यांना आणलं तर चालेल का?

जरूर आणा. त्यांना कुणी वादात ओढणार नाही, याची हमी आम्ही देतो. उलट दिशेची हमी तुम्ही द्या, कारण आमच्या अनुभवात वादाला सुरुवात बहुधा बाबा करतात.

खरं सांगायचं तर या कार्यक्रमाची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते. सहा महिन्यांच्या मुक्कामात डिसेंबर सगळ्यांत वाईट. बाहेर पडता येत नाही, गाडी चालवता येत नाही, मुलगा-सून कामावर, आणि टीव्हीवर सगळीकडे ख्रिसमस. इथे त्यांना त्यांच्या वयाची माणसं भेटतात, हातात लसूण सोलायला मिळतो. मंगळसूत्र, टिळा, माळ यांवर कुणी बोट ठेवत नाही. आजी ‘देव तुमचं भलं करो’ म्हणाल्या तर आमचे नास्तिक वाकून नमस्कार करतात आणि तीळ लागलेले हात पुसायला कागद शोधतात.

सभासद व्हायला नास्तिकच असावं लागतं का?

नाही. माणसाच्या भल्याचा निर्णय माणसानेच, पुरावा आणि सहानुभूती यांच्या आधारे घ्यायचा, एवढं मान्य असलं तरी खूप झालं. देव आहे की नाही यावर आमच्यात ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘फरक काय पडतो’ असे तिन्ही पक्ष नांदतात. न्यू यॉर्कमध्ये फेलिक्स अॅडलर यांनी १८७६ साली एथिकल कल्चरची चळवळ सुरू केली तेव्हा त्यांनीही हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला होता: श्रद्धा वेगळ्या असोत, वागणं चांगलं असो. त्यांच्या शाखा आजही न्यू जर्सीत आहेत आणि हिवाळ्यात त्याही उत्सव करतात.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध? हे अमेरिकन खूळ नाही का?

हा प्रश्न मंडळात हमखास येतो, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या हॉलपासून आगगाडीने तासाभरावर कोलंबिया विद्यापीठ आहे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकले. त्यांचे एक प्राध्यापक म्हणजे तत्त्वज्ञ जॉन ड्यूई. विचार, शिक्षण आणि लोकशाही यांवरचा ड्यूईंचा प्रभाव बाबासाहेबांनी पुढे मोकळेपणाने मान्य केला. याच ड्यूईंनी १९३३ च्या पहिल्या मानवतावादी जाहीरनाम्यावर सही केली. एकूण चौतीस सह्या होत्या. म्हणजे आजच्या अमेरिकन मानवतावादाच्या मुळाशी असलेला माणूस आणि महाडच्या सत्याग्रहाचा नेता एकाच वर्गात बसलेले होते. बाबासाहेबांना आमच्या यादीत घुसवायचा उद्योग कुणी करू नये. ते १९५६ साली बुद्धाकडे गेले, आणि त्यांची वाट त्यांची होती. पण २५ डिसेंबर म्हटलं की आमच्यातल्या बऱ्याच घरांना बेथलेहेमच्या आधी महाड आठवतं: २५ डिसेंबर १९२७, मनुस्मृतीचं दहन. महाराष्ट्रात अनेक संघटना हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात. आम्हीही कार्यक्रमात त्याबद्दल बोलतो, आणि इथल्या अमेरिकन सभासदांना ती गोष्ट ठाऊक नसते.

दुसरा धागा. १९५२ साली अॅमस्टरडॅममध्ये मानवतावाद्यांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत एम. एन. रॉय यांची भारतीय रॅडिकल ह्यूमॅनिस्ट चळवळ होती. रॉय बंगालचे, पण त्यांच्याभोवती मराठी माणसं बरीच: वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, सासवडला जन्मलेले न्या. वि. म. तारकुंडे. तारकुंड्यांना १९७८ चा आंतरराष्ट्रीय मानवतावादी पुरस्कार मिळाला. त्याही आधी, १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढून भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली होती. न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याने भटजीशिवाय, शपथा घेऊन लग्न केलं तेव्हा ‘काय हे अमेरिकन फॅड’ म्हणणाऱ्या मामांना ही तारीख सांगावी लागली.

आणखी एक. १० डिसेंबर हा मानवी हक्क दिन. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ अशा अर्थाचा शब्द जाऊन ‘सर्व माणसं’ आलं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. हे ऐकून आमच्या शाळकरी मुली एकदम ताठ बसतात.

यंदा घरात मृत्यू झालाय. वर्षभर सण करत नाही आपण. यावं का?

तुम्हाला यावंसं वाटलं तर या, नाही वाटलं तर येऊ नका. कुणी विचारणार नाही. पण एवढं सांगतो की हा कार्यक्रम तुमच्यासाठी बंद नाही, उलट त्यातली एक जागा खास तुमच्यासाठी ठेवलेली आहे.

दाराजवळच्या कोपऱ्यात एक टेबल असतं. या वर्षी गेलेल्यांची आठवण तिथे ठेवायची. फोटो चालतो, पण वस्तू जास्त बोलते. एका घराने आजोबांचा अडकित्ता ठेवला होता. इथे वाढलेल्या पोरांना ते काय आहे ते कळेना. नटक्रॅकर म्हणावं तर आक्रोड बसेना. मग आजोबांच्या मुलीने सुपारी कातरून दाखवली, आणि दाखवता दाखवता बोलू लागली: आजोबा पेपर वाचताना सुपारी कशी कातरायचे, विचार करताना हात कसा थांबायचा. तासभर ती त्या टेबलाशी होती. विमानाचं तिकीट न मिळाल्यामुळे ती अंत्यसंस्काराला पोहोचू शकली नव्हती. परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या कित्येकांचं हेच होतं. दहावा-तेरावा फोनवर बघायचा आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायचं.

‘ते वरून बघताहेत’ असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, कारण आम्हाला तसं वाटत नाही. दिलासा द्यायला दुसरं काय आहे, असं विचाराल तर सांगायला थोडंच आहे. नाव घेतो, किस्से ऐकतो, पुढच्या महिन्यात जेवणाचा डबा पोहोचवतो. उशिरा या, लवकर निघा, बोलू नका, सगळं चालतं. गर्दी नको वाटली तर आदल्या दिवशी कळवा. डबा भरून घरी देऊ.

भेटवस्तू द्यायच्या का? वर्गणी किती?

मुलांसाठी पुस्तकांची अदलाबदल असते: घरातलं एक वाचून झालेलं पुस्तक आणा, दुसरं घेऊन जा. मोठ्यांनी एकमेकांना काही देऊ नये अशी विनंती आहे. दिवाळीच्या फराळाचे डबे अजून परत द्यायचे राहिलेत. हॉलच्या भाड्यासाठी दाराशी बरणी असते. उरलेले पैसे आणि न फोडलेले खाद्यपदार्थ स्थानिक अन्नपेढीला जातात.

कपडे?

उबदार. संक्रांतीसाठी जपून ठेवलेली काळी साडी आधीच काढायची असेल तर ही चांगली संधी आहे.

बर्फ पडला तर?

सकाळी नऊपर्यंत गटावर निरोप येईल. निरोप आला नाही तर कार्यक्रम आहे.

आम्ही लांब राहतो. घरच्या घरी करता येईल का?

येईल, आणि त्याला फार काही लागत नाही. तीन पणत्या चालतात, मेणबत्त्याच हव्यात असं नाही. प्रत्येक पणतीला घरातल्या एकाने दोन मिनिटं बोलायचं: कोणतं मत बदललं, कुणाचे आभार, पुढच्या वर्षी काय करणार. पहिल्या वर्षी सगळे लाजतात, विशेषतः बाबा. त्यांना संत्रं द्या. अयनदिनाच्या आदल्या-नंतरच्या आठवड्यात रोज दुपारी बाराला अंगणातल्या किंवा गॅलरीतल्या एका काठीची सावली खडूने आखून ठेवली तर मुलांना दिवस पालटताना डोळ्यांनी दिसतो. पुण्या-नाशकातही हे जमेल. तिथे सावली आखूड असते, पण ऊन भरवशाचं असतं.

एकटेच असाल तर जवळच्या गावातला एखादा गट शोधा किंवा आम्हाला कळवा. त्या दिवशी दुपारी हॉलमध्ये एक लॅपटॉप उघडा ठेवलेला असतो. आवाज नीट येत नाही, पण पोरं येऊन हात हलवून जातात.

शेवटी आवरायला थांबावं लागतं का?

हो. हॉल आठला रिकामा करून द्यायचा असतो. भांडी घासायला पुरुषांची पाळी आधी लागते. हा नियम गटातल्या बायकांनी केला आणि तो एकमताने मंजूर झाला, असं इतिवृत्तात लिहिलेलं आहे.